मूळ प्रत कोणाची?

(अहिल्यानगर येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘सोर्स कोडचं संरक्षण आणि बौद्धिक संपदेचा मान’ हा विषय बाहेरच्या फळ्यावर वाचून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. हा विषय हिंजवडीचा, बंगळुरूचा. नगरला त्याचं काय? इथे येऊन ऊस, दूध, पतसंस्था आणि पाऊस यांवर बोलावं. तर मी आज ऊस, दूध आणि पतसंस्था यांवरच बोलणार आहे. पाऊस तेवढा सोडून देतो.

आधी सोर्स कोड म्हणजे काय ते सांगतो. प्रोग्रामर जे लिहितो ते माणसाला वाचता येतं. व्याज कसं काढायचं, हप्ता चुकला तर दंड किती, खातं थकीत कधी धरायचं, हे सगळं त्यात ओळीओळीने मांडलेलं असतं. हा सोर्स कोड. मग त्याचं यंत्राला कळेल असं रूपांतर होतं आणि गिऱ्हाइकाच्या संगणकावर बहुतेक वेळा बसतं ते हे रूपांतर. त्याने काम चालतं, पण ते वाचून काही उमगत नाही, त्यात दुरुस्ती करता येत नाही आणि त्यावरून मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळत नाही. म्हणजे ज्याच्याकडे मूळ प्रत, त्याच्या हाती सगळं काम. ती प्रत कोणाची, ती सांभाळायची कोणी आणि तिला हात लावायचा कोणी, या तीन प्रश्नांवर मी बोलणार आहे.

हे प्रश्न संगणकाबरोबर आलेले नाहीत. मराठी माणसाची त्यांच्याशी जुनी ओळख आहे आणि त्या ओळखीची सुरुवात याच जिल्ह्यात होते.

नेवाशाची पोथी

प्रवरेच्या काठी नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. सांगणारे ज्ञानदेव, लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. पुढे जवळपास तीनशे वर्षं तिच्या हाताने नकला होत राहिल्या. नकला करायला कोणाची आडकाठी नव्हती. ग्रंथ लोकांसाठीच होता. पण नकलेगणिक पाठ हलत गेला. कुठे जुना शब्द कळला नाही म्हणून ओळखीचा घातला, कुठे ओळ गळली, कुठे एखाद्या भाविकाने आपलीच ओवी मध्ये सरकवली. शेवटी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथमहाराजांनी पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. अखेरीस त्यांनी नोंद ठेवली: हे काम कोणत्या शकात झालं, का करावं लागलं, आणि यापुढे कोणी स्वतःची ओवी या ग्रंथात मिसळू नये.

नाथांच्या कामाची पद्धत बघा. नकला जमवल्या, त्यांतले फरक काढले, पाठ ठरवला, तारीख घातली, बदलाचं कारण लिहिलं आणि पुढच्यांना अट घातली. सॉफ्टवेअरच्या धंद्यात आज हेच काम ‘गिट’ नावाच्या साधनाने होतं. लिनस टोरवाल्ड्सने ते २००५ मध्ये तयार केलं. कोणती ओळ कोणी, कधी आणि कशासाठी बदलली याची नोंद त्यात राहते आणि ती नोंद गुपचूप खोडता येत नाही. कोणी खोडलीच तर इतरांच्या प्रतींशी मेळ बसत नाही आणि चोरी उघडी पडते.

याहून मोठी गोष्ट म्हणजे एवढे कष्ट करूनही नाथांनी ग्रंथावर कर्ता म्हणून स्वतःचं नाव घातलं नाही. ग्रंथ ज्ञानदेवांचाच राहिला. कर्ता वेगळा, शोधन करणारा वेगळा, नक्कल करणारा वेगळा, हा भेद त्यांनी पाळला. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा घालायची रीत ठेवली, तीही याच जाणिवेतून. कोणी म्हटलं, कुठे म्हटलं, कोणत्या वहीत उतरलं, तरी कर्त्याचं नाव रचनेबरोबर चालत राहतं. कायद्याच्या फार आधी आपल्याकडे संकेत होता: गा, लिहून घ्या, वाटा, पण नाव पुसू नका आणि भेसळ करू नका.

मूळ प्रत हरवली की काय होतं, याचंही उदाहरण ज्ञानेश्वरीतच आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांना एकनाथपूर्व मानलेली एक पोथी मिळाली आणि १९०९ मध्ये त्यांनी तिच्यावरून ज्ञानेश्वरी छापली. छापील ग्रंथ आजही मिळतो. ती पोथी मात्र राहिली नाही. त्यामुळे अमुक शब्द पोथीत होता की वाचनात चुकला, अशी शंका आली की अभ्यासकांना पुढे जायला वाटच उरत नाही. छापील ग्रंथ हाती आहे आणि त्याचं मूळ तपासता येत नाही, ही अवस्था ज्यांच्या संस्थेत जुनं सॉफ्टवेअर चालतं त्यांना सांगावी लागणार नाही.

लिपीचं कुलूप

मूळ संहिता जपायची दुसरी तऱ्हाही मराठीत होऊन गेली. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळी, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बांधले. कोणत्या अक्षराच्या जागी कोणतं अक्षर, हे पंथात दीक्षित झालेल्यालाच ठाऊक. हेतू समजण्यासारखा होता. परक्याच्या हाती ग्रंथ पडू नये, पडला तर त्याला वाचता येऊ नये, कोणी त्यात ढवळाढवळ करू नये. संरक्षण म्हणून ही तरकीब कमालीची यशस्वी ठरली. इतकी, की मराठी गद्याचा पाया म्हणावा असं ‘लीळाचरित्र’ आपल्याच भाषेच्या वाचकांना काही शतकं मिळालं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या लिप्यांची किल्ली राजवाडे प्रभृती संशोधकांच्या हाती आली, ग्रंथ छापले जाऊ लागले आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला.

ही जुनी गोष्ट वाटत असेल तर नगरच्या एखाद्या जुन्या छापखान्यात चला. १९९० नंतर डीटीपी आलं. संगणकाच्या मागच्या पोर्टला एक प्लास्टिकची डबी खोचलेली असायची, तिला डोंगल म्हणत. डबी असेल तर मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर चालणार, नसेल तर नाही. ऑपरेटर संध्याकाळी घरी जाताना ती काढून मालकाच्या ड्रॉवरमध्ये कुलूपबंद करी. हे संरक्षण रास्तच होतं, कारण चोरून नकला सर्रास होत होत्या आणि मराठी अक्षरांसाठी वर्षानुवर्षं खपलेल्यांना आपल्या कष्टाचं मोल मिळायला हवं होतं. पण प्रत्येक कंपनीने अक्षरांचे सांकेतिक क्रमांकही आपापले वेगळे ठेवले. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे मानक आणलं होतं, त्याच वर्षी युनिकोडचीही पहिली आवृत्ती निघाली. तरी छपाईच्या धंद्यात वेगवेगळ्या संकेतांचा बाजार पुढे कितीतरी वर्षं चालू राहिला. त्या काळातल्या दिवाळी अंकाची फाइल आज उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. लेख लेखकाचा, अंक संपादकाचा, आणि वाचायचा तर तिसऱ्याच कोणाचा फॉन्ट हवा! कुलूप स्वतःच्या मालाला लावायचा हक्क मालकाला आहे. पण त्या कुलपात दुसऱ्याचा माल अडकतो तेव्हा प्रश्न बदलतो.

नाथांच्या मार्गाने ग्रंथ सगळ्यांपर्यंत गेला आणि शुद्धही राहिला. लिपीच्या कुलपाने ग्रंथ शुद्ध राहिला, पण बंद राहिला. धंद्यात दोन्हींची गरज पडते, हे मी नाकारत नाही. कुठे काय वापरायचं, एवढाच विवेक हवा.

कायदा काय म्हणतो

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या प्रोग्रामला त्यात जागा मिळाली आणि १९९४ च्या दुरुस्तीने ती पक्की झाली. कायद्याच्या लेखी प्रोग्राम ही वाङ्मयकृती आहे. कादंबरी आणि व्याजाचं गणित एकाच कपाटात ठेवलेलं पाहून साहित्यिक मंडळी नाराज होतील. पण याचा अर्थ असा की प्रोग्रामर हा कायद्याने लेखक आहे. कोड लिहिला की हक्क निर्माण झाला. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. केली तर वादाच्या वेळी पुरावा म्हणून उपयोगी पडते. २०२१ पासून नोंदणीसाठी सोर्स कोडची पहिली दहा आणि शेवटची दहा पानं द्यावी लागतात, त्यातली एकही ओळ न झाकता.

संरक्षण मांडणीला आहे, कल्पनेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे तत्त्व नाटक-सिनेमाच्या संदर्भात स्पष्ट केलं आणि ते इथेही लागू पडतं. पतसंस्थेसाठी सॉफ्टवेअर करायचं, ही कल्पना कोणाच्या मालकीची नाही. शेजाऱ्याने केलं म्हणून तुम्ही करायचं नाही, असं नाही. पण शेजाऱ्याच्या ओळी उचलून वरचं नाव बदललं, तर ती चोरी आहे. पेटंटचा आधार इथे फारसा मिळत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे नुसत्या प्रोग्रामला पेटंट नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. नुकसान करण्याच्या हेतूने सोर्स कोड चोरणं, लपवणं, नष्ट करणं किंवा बदलणं हे त्यातल्या कलम ४३(जे) खाली येतं आणि कलम ६६ ने तो गुन्हा ठरतो. कलम ६५ तर जो सोर्स कोड कायद्याने जपून ठेवणं बंधनकारक आहे त्यातल्या छेडछाडीसाठीच आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड. आणि आपण ज्याला किरकोळ समजतो त्या चोरीच्या प्रतीविषयी कॉपीराइट कायद्याचं कलम ६३बी सांगतं, की बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर प्रोग्राम वापरला तर किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय शिक्षा सौम्य करू शकतं; धंदा करणाऱ्याला ती सोय नाही.

एक मोठी उणीव आहे. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ च्या आपल्या २८९व्या अहवालात तसा कायदा करावा अशी शिफारस केली, मसुदाही जोडला. तोपर्यंत गुपित जपायचं ते कराराच्या बळावर. म्हणजे गाडी पुन्हा लेखी कागदापाशी येते, आणि कागदाच्या बाबतीत आपला जिल्हा काय करतो ते आता पाहू.

सॉफ्टवेअर, १ नग

या जिल्ह्यात गावोगाव पतसंस्था आहेत. त्यांतल्या पुष्कळांचं सॉफ्टवेअर जवळपासच्याच कोणा होतकरू मुलाने लिहिलेलं असतं. त्यात वाईट काही नाही; स्थानिक माणसाला ठेवीदार कळतो, पिग्मी एजंट कळतो, भिशी कळते. मी अशी कामं केली आहेत आणि दुसऱ्यांनी केलेली निस्तरलीही आहेत. एका संस्थेत कराराची फाइल मागितली तेव्हा लेखनिकाने एकच कागद पुढे ठेवला. बिल होतं. त्यावर लिहिलं होतं: ‘सॉफ्टवेअर, १ नग’. वरच्या ओळीत ‘कपाट लोखंडी, २ नग’. संस्थेने कपाटासारखंच सॉफ्टवेअर खरेदी केलं होतं. लिहिणारा मुलगा परदेशी गेला होता, फोन उचलत नव्हता, व्याजदर बदलायचा होता आणि सोर्स कोड कुठे आहे याचा पत्ता नव्हता. चेअरमन म्हणाले, “पैसे आम्ही दिलेत, म्हणजे सॉफ्टवेअर आमचं.”

कायदा तसं म्हणत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड मालकाचा, जर वेगळा करार नसेल तर. पण बाहेरच्या माणसाला काम देऊन लिहून घेतलेला कोड, लेखी हस्तांतर नसेल तर, लिहिणाऱ्याचाच राहतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोला आणि चित्राला या कलमात वेगळा नियम आहे; प्रोग्राम त्या यादीत नाही. कलम १९ पुढे सांगतं, की हस्तांतर लेखी आणि सहीनिशी हवं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे घाईत केलेला अर्धा कागदही पाच वर्षांनी हातातून सुटतो.

याची दुसरी बाजू प्रोग्रामर मंडळींनी ऐकावी. पुण्यात कंपनीच्या पगारावर लिहिलेला कोड पेनड्राइव्हवर घालून गावाकडे आणायचा, त्यावर आपलं नाव टाकून इथल्या संस्थांना विकायचा, आणि वर “मीच तर लिहिला” म्हणायचं, हे चालणार नाही. तुम्ही लिहिला हे खरं, पण तो तुमचा नाही. शिकलेलं कसब तुमचं आहे, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. ओळी मात्र तिथेच ठेवून यायच्या.

यावर तोडगा अवघड नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे, की कळीच्या प्रणालींचा सोर्स कोड विक्रेत्याकडून घ्या, ते जमत नसेल तर एस्क्रो करा. पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत, त्यामुळे रिझर्व्ह बँकेचं हे म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. शहाणपण मात्र तेच आहे. एस्क्रो म्हणजे मूळ प्रत विश्वासू तिऱ्हाइताकडे ठेवायची. विक्रेत्याचा धंदा चालू आहे, सेवा मिळते आहे, तोवर संस्थेने तिला हात लावायचा नाही. विक्रेता गेला, बंद पडला किंवा त्याने सेवा नाकारली, तर ती संस्थेला मिळायची, फक्त स्वतःच्या कामासाठी, पुढे विकायला नाही. विक्रेत्याचा हक्क राहतो, संस्थेचं काम अडत नाही. एक खबरदारी मात्र विसरू नये. ठेवलेल्या प्रतीवरून प्रोग्राम खरोखर पुन्हा तयार होतो का, हे ठेवतानाच एकदा करून पाहावं. सील केलेल्या पाकिटात भलत्याच आवृत्तीची सीडी निघाली, तर त्या एस्क्रोला अर्थ नाही.

काट्याचं गणित

आता ऊस. सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांच्या साथीने, याच जिल्ह्यात लोणीला रोवली. ऊस कारखान्याच्या काट्यावर येतो आणि काटामारीची तक्रार ऊस उत्पादकाच्या तोंडी कायमची आहे. पूर्वी संशय काट्याच्या वजनांवर असे. आता काटा इलेक्ट्रॉनिक, आकडा संगणकावर, आणि संशय सॉफ्टवेअरवर. दुधाचं तेच. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ यंत्र सांगतं, दर प्रोग्राम काढतो, आणि उत्पादकाच्या हाती चिठ्ठी येते. चिठ्ठीवरचा आकडा कसा आला, हे विचारायची सोय नाही.

इथे ‘कोड आमची बौद्धिक संपदा आहे’ हे उत्तर पुरेसं आहे का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. कोडवरचा हक्क म्हणजे त्याची नक्कल करण्याचा, तो विकण्याचा हक्क. त्याच्या आड चुकीचं वजन लपवण्याचा हक्क त्यात येत नाही. वैधमापन खात्याचा निरीक्षक प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासतो, तेव्हा काटा बनवणाऱ्याची मालकी जात नाही. त्याच न्यायाने, लोकांच्या मालाचं आणि पैशाचं गणित करणारा कोड तिऱ्हाईत तज्ज्ञाला, गुप्ततेच्या लेखी हमीवर, तपासू देण्याची अट खरेदीच्या करारात असली पाहिजे. प्रामाणिक विक्रेत्याला यात भिण्यासारखं काही नाही. उलट, तपासून निर्दोष ठरलेला काटा त्याच्यासाठी मोठी जाहिरात ठरेल.

मुक्त म्हणजे बेवारस नव्हे

सोर्स कोड मोकळा ठेवणारे लोकही आहेत. रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८९ मध्ये जीपीएल परवान्याची पहिली आवृत्ती आली, १९९१ मध्ये लिनक्स. आज सर्व्हर, मोबाइल, बँकांच्या प्रणाली या मोकळ्या कोडवर उभ्या आहेत. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्ट. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने ते खुल्या परवान्याखाली दिले आहेत. आपण ते फुकट वापरतो, छापतो.

पण फुकट मिळालं म्हणजे बेवारस पडलेलं होतं, असा आपला समज असतो. जीपीएलचा कोड घेऊन तुम्ही सॉफ्टवेअर केलंत आणि ते दुसऱ्याला दिलंत, तर त्याचा सोर्स कोडही त्याच अटीवर द्यावा लागतो. एमआयटीसारखा सैल परवाना असेल तरी मूळ कर्त्याची सूचना काढून टाकता येत नाही. या अटींना बळ कशाचं? कॉपीराइटचं. मालकी असल्याशिवाय अट घालता येत नाही. मोकळेपणाचा सगळा डोलारा बौद्धिक संपदेच्या कायद्यावरच उभा आहे, ही गोष्ट मोकळेपणाचे भोक्ते आणि कुलपाचे भोक्ते दोघेही विसरतात.

कायदा स्वतःहूनही अशी वाट ठेवू शकतो, हे पाहायला अकोले तालुक्यात जा. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी वाणांची बियाणी जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारख्यांच्या कामाला २००१ च्या वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्याचा आधार आहे. त्या एकाच कायद्यात नवं वाण काढणाऱ्याचा हक्क आहे आणि बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचा शेतकऱ्याचा हक्कही आहे. मर्यादा एकच: संरक्षित वाणाचं बियाणं त्याच्या ब्रँडच्या नावाने विकायचं नाही. सॉफ्टवेअरच्या कायद्यातही अशी दारं आहेत. कायदेशीर घेतलेल्या प्रोग्रामची राखीव प्रत ठेवणं, तो कसा चालतो याचा अभ्यास करणं, दुसऱ्या प्रोग्रामशी जोडण्यापुरती माहिती काढणं, याला कलम ५२ मोकळीक देतं. तेव्हा ‘कायदा सगळंच अडवतो, म्हणून चोरी करावी लागते’ ही सबब टिकत नाही.

सबबींचा विषय निघाला म्हणून महाविद्यालयांबद्दल बोलतो. लोणी, संगमनेर, कोपरगाव इथे गेली चार दशकं अभियंते घडत आहेत. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट विकत घ्यायची प्रथा सगळ्या महाराष्ट्रात आहे आणि आपला जिल्हा तिला अपवाद नाही. दुकानात यादी असते, विषय निवडायचा, पैसे भरायचे, काळ्या बाइंडिंगचा अहवाल आणि सीडी घ्यायची. तोंडी परीक्षेत परीक्षकाने एखाद्या ओळीवर बोट ठेवलं की मुलगा गाइडकडे बघतो. याने दुसऱ्याचं नुकसान होतंच, पण पहिला बळी तो मुलगाच असतो. ज्याने स्वतः काही लिहिलं नाही, त्याला लिहिणाऱ्याच्या हक्काची चाड कुठून येणार? हाच मुलगा उद्या कंपनीत जातो आणि हाताला लागेल ते डाउनलोड करतो.

त्याची किंमत किती असते? अमेरिकेतल्या एपिक सिस्टिम्स या रुग्णालयांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीने टीसीएसवर २०१४ मध्ये दावा लावला. आरोप असा, की एका रुग्णालयसमूहाचं काम करताना मिळालेल्या प्रवेशाचा गैरवापर करून कर्मचाऱ्यांनी एपिकची हजारो कागदपत्रं उतरवून घेतली. टीसीएसने आरोप नाकारले. ज्युरीने २०१६ मध्ये ९४ कोटी डॉलरची भरपाई ठोठावली. ती पुढच्या टप्प्यांत कमी होत २८ कोटींवर आली आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. आपल्या राज्यातली, देशातली नावाजलेली कंपनी, आणि प्रकरण सुरू होतं ते लॉगिनच्या वापरावरून! नव्या पिढीसमोर आणखी एक मोह आहे. सॅमसंगच्या काही अभियंत्यांनी २०२३ मध्ये कंपनीचा सोर्स कोड चॅटजीपीटीत चिकटवल्याचं उघड झालं आणि कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. चूक शोधून मिळावी एवढाच त्यांचा हेतू होता. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली प्रत आपल्या सोयीसाठी बाहेर नेली, की हेतू विचारला जात नाही.

करण्यासारखं

मंडळी, मूळ प्रत जपणं हे निम्मं तंत्राचं आणि निम्मं नीतीचं काम आहे. तंत्र सोपं आहे. कोड एका माणसाच्या लॅपटॉपवर राहू देऊ नका. खासगी भांडारात, नोंदीसह ठेवा. कोडमध्ये पासवर्ड लिहू नका. माणूस नोकरी सोडतो त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करा. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर कर्त्याचं नाव, वर्ष आणि परवाना लिहा. दुसऱ्याचा खुला कोड घेतला असेल तर कोणाचा, कोणत्या अटीवर, याची यादी ठेवा.

नीतीचं काम अवघड आहे, कारण ते दोन्हीकडून करावं लागतं. चोरीच्या विंडोजवर बसून स्वतःच्या सॉफ्टवेअरची चोरी झाली म्हणून ओरडणारे प्रोग्रामर मी पाहिले आहेत. त्यांना पोलिसांत जायची सोय नाही, कारण पोलिस पहिल्यांदा त्यांचाच संगणक उघडतील. आणि मुलाला वर्षानुवर्षं फुकट दुरुस्त्या करायला लावून, एक दिवस त्याचा कोड दुसऱ्याला ‘बघायला’ देणारे संचालकही मी पाहिले आहेत. आपल्या हक्काला मान हवा असेल, तर दुसऱ्याच्या हक्काला तो आधी द्यावा लागतो. एकनाथमहाराजांची ताकीद लोकांनी ऐकली, कारण त्यांनी स्वतः ज्ञानदेवांच्या ग्रंथात आपली एक ओवीही मिसळली नव्हती.

इथे पतसंस्थांचे, दूध संस्थांचे, कारखान्यांचे संचालक बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे. येत्या मासिक सभेत एक विषय घ्या: आपल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड कोणाच्या मालकीचा आहे, तो कुठे ठेवला आहे आणि तसा सहीचा कागद आपल्याकडे आहे का? ज्याने तो लिहिला त्याला त्या सभेला बोलवा, खुर्ची द्या आणि त्याचं राहिलेलं बिल आधी द्या. मग करार करा. बिलावर मात्र ‘१ नग’ पुन्हा लिहू नका.